शिवारातल्या आगळ्या चाली कशा निरखाव्यात

एखादा प्राणी कसा चालतो हे समजून घ्यायचे असेल, तर नजर प्राण्यावर न ठेवता तो ज्याला रेटा देतो त्या गोष्टीवर ठेवावी. बैल मातीला मागे रेटतो म्हणून पुढे सरकतो, मासा पाण्याला रेटतो, घार हवेला रेटते. ज्याला एकच पाय आहे, ज्याला शेकडो पाय आहेत, ज्याला पायच नाहीत किंवा जो पंख नसताना उडतो, अशा प्राण्याचा रेटा नेमका कुठे पडतो हे मात्र पटकन दिसत नाही, आणि म्हणूनच त्याची चाल आपल्याला चमत्कारिक वाटते. तो रेटा शोधून काढण्याची रीत पुढे सांगितली आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याला त्यासाठी गौताळ्याच्या किंवा किनवटच्या जंगलात जाण्याची गरज नाही. सोयाबीनचे वावर, गुरांचा गोठा, जुनी बारव आणि ओसरीचा कोरडा कोपरा एवढ्या चार जागा वर्षभराच्या निरीक्षणाला पुरतात.

साहित्य थोडेच लागते. जुन्या तसबिरीची एक काच घ्यावी व तिच्या धारदार कडांना चिकटपट्टी लावावी. एक भिंग, एक मोजपट्टी, रबरी हातमोजे, हातात मावेल एवढा आरसा आणि वस्त्रगाळ केलेली माती एवढे आणखी जवळ असावे. मोबाइलमध्ये स्लो मोशनची सोय असेल तर ती जरूर वापरावी, कारण सेकंदाला २४० चित्रे टिपून ती सेकंदाला ३० या गतीने दाखवली की हालचाल आठपट संथ होते आणि डोळ्याला न गवसणारा क्षण हाती लागतो. वहीत तारीख, वेळ, जमीन ओली होती की कोरडी, ऊन होते की आभाळ आणि प्राणी कोणत्या दिशेला गेला, हे प्रत्येक वेळी लिहावे. दिशा लिहायची राहिली तर पुढची अर्धी निरीक्षणे निरुपयोगी ठरतात, हे मी अनुभवाने सांगतो.

मृगाचे पाणी पडले आणि गुरे हिरव्या चाऱ्यावर आली की शेणकिड्यापासून सुरुवात करावी. शेणकिड्यांच्या सगळ्याच जाती गोळी ढकलत नाहीत. काही शेणाच्या खालीच बीळ करतात. गोळी ढकलणारे काळे किडे उन्हाच्या वेळी, गुरे चरून गेलेल्या मोकळ्या माळावर ताज्या शेणाजवळ सापडतात. किडा डोके खाली करून पुढचे पाय जमिनीवर टेकवतो, मागचे पाय गोळीवर ठेवतो आणि उलटा चालत गोळी ढकलतो. म्हणजे रेटा पडतो पुढच्या पायांनी जमिनीवर, आणि जायचे असते पाठीमागे, जिकडे त्याला दिसत नाही. तरीही त्याची वाट बहुधा सरळ असते. शेणाच्या ढिगावर गोळ्या पळवणारे इतर किडे टपलेले असतात, त्यामुळे तेथून शक्य तितक्या लवकर दूर जाणे त्याच्या हिताचे असते, आणि दूर जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेषेचाच असतो. वाट वाकडी झाली, तर तो फिरून त्याच ढिगावर येऊन पोचण्याचा धोका असतो.

ही सरळ रेषा तपासण्यासाठी किडा निघाल्यापासून दर अर्ध्या मिनिटाला त्याच्या मागे जमिनीत एक काडी रोवत जावे. सात-आठ काड्या झाल्या की एका टोकाला बसून त्यांच्या रांगेकडे पाहावे. त्यानंतर त्याच्या वाटेत एक ढेकूळ ठेवावे. किडा अडखळला किंवा गोळीवरून घसरला की अनेकदा तो गोळीवर चढून स्वतःभोवती फिरतो, आणि मगच पुन्हा ढकलू लागतो. हे फिरणे म्हणजे आकाशाकडे पाहून दिशा नव्याने ठरवणे होय. दिवसा फिरणारे किडे सूर्य आणि आकाशातल्या प्रकाशाची ठेवण पाहतात. रात्री फिरणारी आफ्रिकेतील एक जात तर आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते. मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी काही किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या बसवल्या होत्या, आणि आकाश दिसेनासे होताच त्या किड्यांच्या वाटा वेड्यावाकड्या झाल्या. पुढे जोहान्सबर्गच्या तारांगणात हाच प्रयोग करून, केवळ आकाशगंगेचा पट्टा दिसला तरी किड्याला तो पुरतो, हे त्यांनी सिद्ध केले.

आपल्याकडे आरशाचा प्रयोग करून पाहता येतो. किडा सरळ चालत असताना एकाने छत्री धरून त्याच्यावर सावली करावी, आणि दुसऱ्याने विरुद्ध बाजूने आरशाने उन्हाचा कवडसा त्याच्यावर पाडावा. सूर्य जणू दुसरीकडे गेला आहे असे धरून किड्याने दिशा बदलली, तर त्याच्या वाटेवरच्या काड्या तिथे कोन करतील. एकदा पाहून निष्कर्ष काढू नये. निदान दहा किडे पाहावेत, आणि ज्यांनी दिशा बदलली नाही त्यांचीही नोंद तितक्याच काळजीने करावी. जाता जाता भिंगातून किड्याचे पोट आणि पायांचे सांधे पाहावेत. तिथे तांबूस रंगाचे बारीक ठिपके चिकटलेले दिसले, तर त्या कोळीवर्गातल्या माइट होत. एका शेणापासून दुसऱ्या शेणापर्यंतचे अंतर त्यांच्या पायांना झेपणारे नसते, म्हणून त्या शेणकिड्यावर बसून जातात आणि नव्या शेणावर उतरून माशांची अंडी खातात. स्वतः रेटा न देता केलेला असा प्रवास हीदेखील एक चालच मानली पाहिजे.

आषाढ-श्रावणात गोगलगायीकडे वळावे. २०२२ च्या खरिपात लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे पीक फस्त केले, आणि कित्येकांना दुबार, तिबार पेरणी करावी लागली. मूळची आफ्रिकेतली ही गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. ज्या प्राण्याने एवढे नुकसान केले त्याच्याकडे कौतुकाने पाहा असे शेतकऱ्याला सांगणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे; परंतु तिची चाल समजली की तिला अडवण्याचे उपायही नीट समजतात. हिला उघड्या हाताने कधीही धरू नये. मेंदूला सूज आणणारा एक कृमी तिच्या अंगात असू शकतो, त्यामुळे हातमोजे वापरावेत आणि नंतर हात व काच साबणाने धुवावेत.

कित्येक पावसाळे मी गोगलगाय वरून पाहत राहिलो आणि मला काहीच कळले नाही, कारण वरून ती केवळ घरंगळल्यासारखी सरकते. तिला काचेवर ठेवावे, काच दोन विटांवर टेकवावी आणि खालून पाहावे. उजेडाकडे तोंड करून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसते. तिच्या एकुलत्या एका रुंद पायावर गडद-फिकट आडवे पट्टे शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक धावताना दिसतील. हे पट्टे म्हणजे स्नायूंच्या आकुंचनाच्या लाटा होत. जिथे लाट आहे तेवढाच पायाचा भाग पुढे सरकतो. दोन लाटांमधला भाग काचेला चिकटून राहतो आणि त्यालाच टेकून सारा रेटा दिला जातो.

एकच चिकटा एका जागी धरून ठेवतो आणि दुसऱ्या जागी घसरू देतो, हे कसे शक्य होते? अमेरिकेतील मार्क डेनी यांनी १९८० मध्ये याचे उत्तर दिले. हा चिकटा कमी ताण असताना घट्ट पदार्थासारखा वागतो, ताण एका मर्यादेपलीकडे गेला की द्रवासारखा वाहतो आणि ताण सरला की पुन्हा घट्ट होतो. परंतु चिकटा बनवायला शरीराला मोठी किंमत मोजावी लागते. पोहणे, उडणे किंवा धावणे यांच्या तुलनेत असे सरपटणे कितीतरी अधिक खर्चिक पडते, हेही डेनी यांनीच मोजून दाखवले. कोरड्या जमिनीवर चिकट्यातले पाणी लगेच शोषले जाते, म्हणून गोगलगाय रात्री आणि झिमझिम पावसात फिरते. बांधाच्या कडेने टाकलेला कोरडा चुना किंवा राख तिला अडवते, आणि तीच राख भिजली की निकामी होते, याचे कारणही येथेच आहे. काचेवर पट्टी ठेवून एका मिनिटात ती किती सेंटिमीटर गेली आणि तेवढ्या वेळात किती लाटा उठल्या हे मोजावे. भागाकार केला की एका लाटेने ती किती पुढे जाते ते कळते.

त्याच दिवसांत त्याच वावरात वाणी किडा सापडतो. त्याला कोणी पैसा म्हणतात, कारण डिवचले की तो नाण्यासारखे वेटोळे करतो. त्याच्या अंगाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. बाजूने पाहिल्यास पायांतूनही लाटा शेपटीकडून डोक्याकडे जाताना दिसतात. अनेक पाय एकाच वेळी जमिनीवर असल्यामुळे त्याचा रेटा वेगवान नसला तरी फार जोरकस असतो, आणि तो डोक्याने माती सारत आत शिरू शकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीच्या खोल थरांत सापडलेल्या एका जातीच्या मादीला १३०६ पाय मोजले गेले. २०२१ मध्ये त्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. गोम मात्र दुरूनच पाहावी, कारण ती चावते.

सोयाबीनच्या पानांवर दोन प्रकारच्या अळ्या शेजारी-शेजारी मिळतात आणि त्यांची तुलना फार बोलकी असते. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीला छातीच्या तीन जोड्यांखेरीज पोटाखाली मांसल पायांच्या पाच जोड्या असतात. हिरव्या उंटअळीला तिथे तीनच जोड्या असतात. मधले पाय नसल्यामुळे उंटअळी मागचे पाय पुढच्या पायांजवळ आणते, पाठीची कमान करते आणि मग पुढचा भाग लांब फेकते. उंटाच्या मदारीसारख्या त्या कमानीवरूनच तिला हे नाव पडले. दोन्ही अळ्या एकाच काडीवर सोडून प्रत्येकीला दहा सेंटिमीटर जायला किती पावले लागतात ते मोजावे. साध्या अळीच्या पोटात काय चालते हे मात्र भिंगाला दिसत नाही. २०१० मध्ये मायकेल सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूवरच्याच, पण अमेरिकेत आढळणाऱ्या एका अळीची क्ष-किरण चित्रे घेतली. तिचे आतडे बाहेरच्या कातडीच्या आधी पुढे सरकते, असे त्यांना आढळले. म्हणजे पाय अजून मागेच असताना अळीचे पोट पुढे गेलेले असते. मला स्वतःला ही माहिती या साऱ्या विषयातली सर्वांत विस्मयकारक वाटते.

भाद्रपदात विहिरी आणि बारवा भरल्या की पाण्याच्या पृष्ठभागाकडे लक्ष द्यावे. विहिरीला कठडा नसेल तर तिथे हा अभ्यास करूच नये. बारवेची कोरडी पायरी किंवा गुरांचा हौद अधिक सुरक्षित असतो. नितळ, उथळ पाण्यावर उन्हात लांब पायांचे बारीक किडे उभे असतात. किड्याकडे न पाहता पाण्याच्या तळाशी पडलेली त्याची सावली पाहावी. अंगाची सावली बारीक असते, परंतु प्रत्येक पायाच्या जागी एक मोठा, काळा, उजळ कडेचा गोल दिसतो. पाय जिथे टेकतो तिथे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा खोलगट होतो आणि तो खड्डा उन्हाला बाजूला वळवतो, म्हणून तो गोल पडतो. पायांवरच्या पाणी न धरणाऱ्या सूक्ष्म केसांमुळे पाय आत जात नाही.

उभे राहण्याचे झाले. पण ताणलेल्या निसरड्या पृष्ठभागावर तो रेटा कशाला देतो? मधल्या पायांनी वल्हवताना उठणाऱ्या लहरींमुळे तो पुढे जातो असे पूर्वी मानले जात असे. परंतु त्याची नवजात पिल्ले पाय इतके सावकाश हलवतात की त्यांना लहरी उठवताच येऊ नयेत, आणि तरीही ती चालतात. ही अडचण २००३ मध्ये डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश यांनी सोडवली. पाण्यात रंग सोडून त्यांनी दाखवले, की प्रत्येक वल्ह्यामागे पृष्ठभागाखाली भोवऱ्यांची जोडी मागे जाते, आणि किडा पुढे जातो तो प्रामुख्याने त्या भोवऱ्यांना दिलेल्या रेट्यामुळे. घरी पाहायचे असल्यास पसरट पांढऱ्या ताटात पाणी घेऊन त्यावर चिमूटभर बारीक कोंडा भुरभुरावा, आणि किड्याच्या मागे कोंड्याचे कण गोल फिरतात का ते पाहावे. ताटाला साबणाचा अंशही नसावा, कारण साबणाने पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि किडा बुडतो. निरीक्षण संपल्यावर त्याला मूळ पाण्यात सोडून द्यावे.

याच पाण्यातला बेडूक घाबरला की बुडी मारण्याऐवजी पृष्ठभागावरून टपटप उड्या मारत पलीकडे जातो. हे दृश्य मोबाइलवर संथ करून अवश्य पाहावे. अमेरिकेतील असाच एक लहान बेडूक पाण्यावरून चालतो असे फार काळ लिहिले जात होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्याने टिपल्यावर तो दर उडीला पूर्ण बुडतो आणि पाण्याखालूनच पुढची उडी मारतो, असे निघाले. आपल्या बेडकाचे पोट दर उडीला पाण्याखाली जाते की वरच राहते, हे एकेक चित्र थांबवून तपासावे.

पावसाळा सरता सरता खळ्यावर आणि मोकळ्या माळावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. ते सारखे पंख मारत नाहीत, तर वर चढणाऱ्या उबदार हवेवर पंख पसरून राहतात. एकाच चतुरावर नजर ठेवून मिनिटभरात तो किती वेळ पंख न हलवता राहिला ते मोजावे. हे चतुर मोसमी वाऱ्यांबरोबर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेला जातात, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. इतका लांबचा पल्ला ते कसा गाठतात, याचे एक उत्तर या तरंगण्यात आहे.

दिवाळीनंतरच्या थंड, निरभ्र सकाळी तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर उगवतीकडे तोंड करून बसावे. सूर्य अगदी समोर नको, एखाद्या झाडाच्या बुंध्याआड असावा. हवेत चमकणारे रेशमी धागे जाताना दिसतील. त्यातल्या काही धाग्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढे कोळी असतात. कोळ्याला पंख नसतात. तो काडीच्या शेंड्यावर चढतो, पायांच्या टोकांवर उभा राहतो, पोट वर उचलतो आणि धागे सोडतो. भिंग घेऊन ही चवड्यांवर उभे राहण्याची मुद्रा शोधणे हाच या निरीक्षणाचा गाभा आहे, कारण उड्डाण त्यानंतर काही क्षणांत होते आणि मग सापडत नाही. १८३२ मध्ये बीगल जहाजावर असताना किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर चार्ल्स डार्विन यांना जहाजाच्या दोरांवर असे असंख्य कोळी आढळले होते. केवळ वाऱ्याने हे होते का, ही शंका तेव्हापासूनची आहे. निरभ्र दिवशीही जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतके विद्युत क्षेत्र असते. ब्रिस्टल विद्यापीठातील एरिका मॉर्ले आणि डॅनियल रॉबर्ट यांनी २०१८ मध्ये वारा पूर्ण बंद केलेल्या पेटीत असे क्षेत्र निर्माण केले, तेव्हा कोळी चवड्यांवर उभे राहिले आणि काही उडालेही. म्हणून नोंद करताना वाऱ्याबरोबरच आकाशाची स्थितीही लिहावी, आणि किती कोळी त्या मुद्रेत दिसले तेही लिहावे.

उन्हाळ्यात पाऊलवाटेवर फुफाटा साचतो आणि तो रात्रभराच्या साऱ्या चाली लिहून ठेवतो. सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना पाहिल्यास ठसे उठून दिसतात. सलग नागमोडी रेघ असेल तर साप अंगाच्या बाजूंनी खड्यांना रेटत गेला. एकमेकींपासून सुट्या, समांतर, तिरप्या रेघांची शिडी असेल, तर ती फुरशाची असू शकते. फुरसे भुसभुशीत जमिनीवर अंगाचे थोडेच भाग टेकवते, बाकीचे उचलून आडवे टाकते, आणि टेकलेला भाग घसरत नाही म्हणून माती ढासळत असतानाही पुढे जाते. हा ठसा दिसला की तिथेच थांबावे आणि माग काढत जाऊ नये. फुरसे अत्यंत विषारी असते, लहान असते आणि दगडाखाली बसते. साप पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. हालचाल कमी ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

याच दिवसांत ओसरीच्या कोपऱ्यात किंवा देवळाच्या वळचणीला, जिथे पाऊस लागत नाही अशा बारीक मातीत, नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी एक चपटा, करडा किडा दडलेला असतो, जो फक्त मागेच चालतो. चमच्याने खड्ड्याखालची माती अलगद उचलावी आणि वस्त्रगाळ मातीने भरलेल्या परातीत किड्याला सोडावे. तो पोटाचे टोक पाचरीसारखे मातीत खुपसतो, स्वतःला मागे ओढतो आणि डोक्याने माती बाहेर उडवत गोल-गोल, आत-आत येत खड्डा पुरा करतो. उतार असा साधलेला असतो की मुंगीने पाऊल टाकताच माती ढासळावी. इथे रेट्याचा नियम उलटा लागू पडतो: मुंगी जितका रेटा देते तितकी ती खाली येते. खड्ड्याच्या कडेने जाडी माती आणि आत बारीक माती उरते का, हे बोटांच्या चिमटीत घेऊन पाहावे. खड्डा पुरा व्हायला बराच वेळ लागू शकतो, म्हणून परात रात्री मांडून ठेवावी व सकाळी पाहावी. पाहून झाले की किडा त्याच कोपऱ्यात परत सोडावा, आणि हे सारे वळवाच्या पहिल्या सरीआधी उरकावे, कारण माती एकदा ओलावली की तिची ढेकळे होतात आणि तो खड्डा करणे थांबवतो.